शिरेतून दिलेला घास

नव्या मुंबईत, खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत अस्थिमज्जारोपण होते. अशा उपचारात मुलाचे तोंड सोलवटते, घास उतरत नाही. आतडेही थकले, तर शिरेतून अन्न देण्याची वेळ येते. ही विद्या आपल्याला जुनी वाटते, पण तिचे वय साठ-पासष्ट वर्षांचेच. स्वीडनच्या व्रेटलिंड यांनी शिरेला सोसेल असे सोयाबीन तेलाचे दुधट मिश्रण १९६२ च्या सुमारास सिद्ध केले. घट्ट साखरपाण्याने लहान शिरा पोळतात. म्हणून फिलाडेल्फियात डडरिक व विल्मोर यांनी १९६७ साली, आतडे निकामी असलेल्या तान्ह्या मुलीला हृदयालगतच्या मोठ्या शिरेतून सारे अन्न दिले. ती वाढली, पण दोन वर्षांच्या आत गेली. तिच्यामुळे पुढच्या कितीतरी बालकांची वाट मोकळी झाली. मात्र या वाटेवर जंतुसंसर्गाचे व यकृतविकाराचे भय असते, हे आपण विसरू नये. म्हणून आतडे चालू लागताच थोडे थोडे तोंडाने भरवावे, हाच आजही वैद्यांचा नियम आहे.