हवाबंद घरे

बाह्य कवचातील भेगा, सांधे व छिद्रे बुजवून हवेची अनियंत्रित ये-जा शक्य तितकी थांबविलेले, भिंती व छपरात उष्णतानिरोधक द्रव्याचा जाड थर असलेले आणि श्वसनास लागणारी ताजी हवा स्वतंत्र योजनेने पुरविणारे घर म्हणजे हवाबंद घर होय. घर तापविण्यास वा थंड ठेवण्यास लागणारी ऊर्जा वाचविणे हा त्याचा हेतू असतो. ‘हवाबंद’ हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने घ्यावयाचा आहे. अशा घरात हवा येतच नाही असे नसून ती ठरविलेल्या मार्गाने व ठरविलेल्या प्रमाणात येते. या घरांचा इतिहास मुख्यत्वे थंड हवामानाच्या देशांतील आहे. उष्णतानिरोधनाचे तत्त्व लवकर कळले व त्यासाठीची द्रव्येही सहज मिळू लागली. खरी अडचण आली ती सलग हवारोधक थर बांधकामाच्या जागेवर प्रत्यक्षात उतरविण्यात.

तत्त्व : घरातील उष्णता दोन मार्गांनी बाहेर जाते : भिंती, छप्पर, खिडक्या यांतून होणारे संवहन आणि फटींवाटे होणारी हवेची गळती. थंडीत घरातील उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढून छताच्या फटींतून निसटते व तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा ओढली जाते. वाऱ्याच्या दाबाने हा प्रवाह वाढतो. सर्वसाधारण निरोधन केलेल्या घरात एकूण उष्णताहानीपैकी साधारणपणे पाव ते एकतृतीयांश हिस्सा या गळतीचा असतो. भिंतींतील निरोधक थर जसजसा जाड करावा तसतसे गळतीचे सापेक्ष महत्त्व वाढत जाते, कारण तंतुमय निरोधक द्रव्य उष्णता अडविते, पण वाहती हवा अडवीत नाही.

पूर्वेतिहास : म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील हवेची शुद्धता कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणावरून ठरवावी असे सुचविले व ०·१ टक्का ही मर्यादा सांगितली. वायुवीजनाच्या शास्त्रात ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मात्र विटांची भिंत ‘श्वास घेते’ व तीतून पुरेशी हवा आत येते, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष टिकला नाही. गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य असून खरा प्रवाह सांध्यांतून होतो, हे ई. रायश यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांवरून दिसून आले. तरीही श्वास घेणाऱ्या भिंतीची कल्पना लोकमानसात पुढेही टिकून राहिली व हवाबंद बांधणीला होणाऱ्या विरोधाचे ते एक कारण ठरले.

नॉर्वेचे ध्रुवप्रदेश समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन यांचे ‘फ्राम’ हे जहाज (जलावतरण १८९२) या तत्त्वाचे जुने उदाहरण म्हणून सांगितले जाते. बर्फात अडकून राहण्यासाठीच बांधलेल्या या जहाजातील राहण्याच्या खोल्यांना नमदा, बूच, लाकूड इत्यादींचे अनेक थर दिलेले होते. भिंतींवर ओल धरू नये म्हणून आतील बाजूस हवा न झिरपणारा थर होता आणि विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की होती.

आधुनिक विकास : ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या अवधीत खनिज तेलाच्या किंमती सुमारे चौपट झाल्या आणि तेलावर घरे तापविणाऱ्या देशांत या प्रश्नाकडे नव्याने लक्ष गेले. प्रारंभी भर सौर उपकरणांवर होता. डेन्मार्कमधील लुंग्बी येथे तंत्रविद्या विद्यापीठात वाउन कॉर्सगॉर यांच्या मार्गदर्शनाखाली १९७५ मध्ये बांधलेल्या ‘शून्य-ऊर्जा’ घरात सौर संग्राहक, ३० घमी. पाण्याची उष्णतासंचायक टाकी, हलत्या निरोधक झडपा आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळविण्याची योजना होती. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वेन शिक व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. उपकरणे कमी करून दुहेरी लाकडी सांगाड्याच्या भिंतींत निरोधन वाढवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात हिवाळ्यात तापमान –४०° से.पर्यंत उतरते. रिजायना येथे १९७७ मध्ये बांधलेले ‘सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस’ हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानतात. हॅरल्ड ऑर, रॉब ड्यूमाँट, रॉबर्ट बेसंट इत्यादी संशोधक या प्रकल्पाशी संबंधित होते. भिंती सुमारे ३० सेंमी. जाड असून निरोधक थराच्या आतील बाजूस पॉलिएथिलिनाचे सलग पटल होते. त्यावरील सौर यंत्रणा खर्चिक व देखभालीस त्रासदायक ठरल्याने पुढे काढून टाकण्यात आली. जाड निरोधन, हवाबंद कवच व उष्णता-विनिमयक हे साधे भाग मात्र यशस्वी ठरले. मॅसॅचूसेट्स राज्यात यूजीन लेजर या बांधकाम व्यावसायिकाने याच सुमारास बांधलेल्या साध्या दिसणाऱ्या घरानेही हेच सिद्ध केले.

गळतीचे मापन : जे मोजता येत नाही ते बांधकामाच्या करारात घालता येत नाही. स्वीडनने १९७५ च्या बांधकाम नियमावलीने हवाबंदपणाची संख्यात्मक मर्यादा घातली. स्वतंत्र घरासाठी ५० पास्काल दाबांतर असताना घरातील हवा ताशी ३ वेळांपेक्षा अधिक बदलू नये, अशी ही मर्यादा होती. ५० पास्काल म्हणजे सुमारे ५ मिमी. पाण्याच्या स्तंभाइतका अल्प दाब. त्यासाठी खिडकीत वा दारात घट्ट बसणाऱ्या चौकटीत पंखा लावून घरातील हवा बाहेर खेचतात व तो दाब टिकविण्यास किती हवा खेचावी लागते ते मोजतात. पंखा चालू असता फटींतून येणारी हवा हाताला लागते आणि दोषाची जागाही सापडते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीमधील ट्विन रिव्हर्स या वसाहतीच्या अभ्यासात हे तंत्र वापरले. तेथील पोटमाळ्यांतून होणारी उष्णताहानी हिशेबापेक्षा अनेक पट अधिक आढळली. निरोधक थर जागेवर होता. परंतु सामाईक भिंतींतील पोकळ्या, धुराड्याभोवतालची मोकळी जागा, नळ व तारा यांचे मार्ग यांतून उबदार हवा थेट पोटमाळ्यात पोहोचत होती. डेव्हिड हार्जे, गौतम दत्त व जॅन बेया यांनी १९७९ मध्ये या छुप्या मार्गांचे वर्णन केले. खिडकीदारांच्या दिसणाऱ्या फटींपेक्षा भिंतीआडच्या न दिसणाऱ्या वाटा अधिक हानिकारक असतात, ही या संशोधनाची मुख्य शिकवण होय.

बांधकामातील अडचणी : नकाशावर हवारोधक थर एका रेषेने दाखविता येतो, ती रेषा कोठेही न तुटता संपूर्ण घराभोवती फिरावी लागते. प्रत्यक्षात ती पाया व भिंत, भिंत व छप्पर, खिडकीची चौकट व भिंत अशा प्रत्येक संधिस्थानी तुटण्याची शक्यता असते. लाकडी सांगाड्याच्या घरात दोन मजल्यांमधील तुळयांची टोके ही सर्वांत अवघड जागा. खालच्या भिंतीचे पटल तेथे संपते व वरच्या भिंतीचे तुळयांच्या वर सुरू होते. त्यामुळे तुळया बसविण्यापूर्वीच पटलाची पट्टी बाहेरून वळवून ठेवावी लागते. हे काम वेळीच झाले नाही, तर नंतर तेथे हात पोहोचत नाही.

दुसरी अडचण कामाच्या वाटणीची. पटल सुतार लावतो. वीजतंत्री त्यास भोके पाडून खटक्यांच्या पेट्या बसवितो. नळकारागीर नळासाठी ते कापतो आणि अखेरीस आच्छादनाचे तक्ते लावणारा सर्व काही झाकून टाकतो. यांपैकी कोणाचेही काम स्वतंत्रपणे पाहता सदोष नसते. तरीही घर गळते. यावर सस्कॅचेवानमध्ये निघालेला उपाय असा : दुहेरी भिंतीतील आतील सांगाड्याच्या बाहेरच्या अंगास पटल लावावयाचे, म्हणजे तारा व नळ त्याच्या आतल्या बाजूनेच जातात. पटलाच्या आतील बाजूस निरोधनाचा एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग नसेल, तर पटलाचे तापमान दवबिंदूच्या खाली उतरत नाही, असा व्यवहारातील नियमही तेथे रूढ झाला. पटलाच्या कडा एकमेकींवर घेऊन, न वाळणारा लेप लावून व मागे लाकडाचा आधार देऊन दाबून धराव्या लागतात. आधाराविना जोडलेली कड वाऱ्याच्या दाबाने उकलते. कॅनडातच जोसेफ एल्स्टिब्युरेक यांनी १९८० नंतरच्या दशकात पटलाऐवजी आतील जिप्समच्या तक्त्यांनाच हवारोधक मानून त्यांचे सांधे बुजविण्याची पद्धत पुढे आणली. कॅनडा सरकारने बांधकाम व्यावसायिकांच्या सहकार्याने १९८२ मध्ये सुरू केलेल्या ‘आर-२०००’ योजनेत बांधणाऱ्यांचे प्रशिक्षण व प्रत्येक घराची चाचणी या दोहोंवर भर होता. ५० पास्कालला ताशी १·५ ही तिची मर्यादा होती.

बाष्प व ओल : कोंदट हवा, बुरशी व कुजणारे लाकूड या तक्रारी हवाबंद घरांविषयी वारंवार झाल्या. स्वयंपाक, स्नान, कपडे वाळविणे व श्वसन यांतून घरात सतत पाण्याची वाफ मिसळत असते. गळक्या घरात ती आपोआप निघून जाते. हवाबंद घरात ती साठून थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते. बाष्पाचे भिंतीतून होणारे विसरण थांबविणे पुरेसे आहे, अशी पूर्वी समजूत होती. परंतु एखाद्या लहान छिद्रातून वाहणाऱ्या हवेबरोबर भिंतीत जाणारे बाष्प विसरणाने जाणाऱ्या बाष्पाच्या अनेक पट असते. म्हणूनच अर्धवट हवाबंद केलेले घर सर्वांत धोक्याचे ठरू शकते : वायुवीजन घटलेले, पण उरलेल्या छिद्रांतून ओलसर हवा भिंतीच्या थंड भागापर्यंत जाणारी.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवर १९८० नंतर बांधलेल्या अनेक सदनिकांच्या भिंती कुजल्या. हजारो कुटुंबांना दुरुस्तीचा मोठा भुर्दंड पडला व १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. खिडक्या व सज्जे यांच्या सांध्यांतून शिरलेले पावसाचे पाणी हे तेथील मुख्य कारण होते. निरोधनाने भरलेली भिंत पूर्वीच्या पोकळ भिंतीप्रमाणे लवकर वाळत नसल्याने हानी वाढली. भिंतीत पाणी शिरू न देणे व शिरल्यास ते बाहेर पडण्यास वाट ठेवणे, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून अपरिहार्य मानल्या जाऊ लागल्या.

वायुवीजन : हवाबंद घरात यांत्रिक वायुवीजन हा आवश्यक भाग असतो. उष्णता-विनिमयकात बाहेर जाणारी उबदार हवा व आत येणारी थंड हवा पातळ पत्र्यांच्या दोन अंगांनी, एकमेकींत न मिसळता वाहतात. त्यामुळे उष्णतेचा मोठा भाग परत मिळतो. तीव्र थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेतील बाष्प विनिमयकात गोठते, म्हणून बर्फ वितळविण्याची सोय करावी लागते. गाळण्या वेळच्यावेळी स्वच्छ केल्या नाहीत किंवा आवाजामुळे रहिवाशांनी पंखा बंद ठेवला, तर सारी योजना विफल होते. घरातील हवा वापरणाऱ्या शेगड्या व भट्ट्या अशा घरात धोकादायक असतात. स्वयंपाकघरातील पंख्याने दाब कमी झाल्यास धुराड्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइड उलट खोलीत येतो. म्हणून ज्वलनासाठी बाहेरूनच हवा घेणारी बंदिस्त उपकरणे वापरतात. जमिनीतून येणारा रॅडॉन व बांधकामद्रव्यांतून निघणारा फॉर्माल्डिहाइड यांचाही विचार करावा लागतो. यूरिया-फॉर्माल्डिहाइड फेसाच्या निरोधनावर कॅनडाने १९८० मध्ये बंदी घातली.

पॅसिव्ह हाउस : स्वीडनचे बू आडामसोन व जर्मनीचे व्होल्फगांग फाइस्ट यांच्या १९८८ मधील विचारविनिमयातून ‘पॅसिव्ह हाउस’ ही संकल्पना निघाली. जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात १९९०–९१ मध्ये चार घरांची पहिली रांग उभी राहिली. तेथील चुना-वाळूच्या विटांच्या भिंतींना बाहेरून २७·५ सेंमी. निरोधन असून आतील जिप्समचा सलग गिलावा हाच हवारोधक थर आहे. त्यासाठी नळ, तारांच्या पेट्या व जिने बसण्यापूर्वी त्यांच्या मागील भाग गिलावून घ्यावा लागतो. फाइस्ट यांनी १९९६ मध्ये स्थापिलेल्या संस्थेने पुढील निकष रूढ केले : तापविण्यासाठी दर चौ. मी. स वर्षाला जास्तीत जास्त १५ किवॉ.-तास ऊर्जा, ५० पास्कालला ताशी जास्तीत जास्त ०·६ हवाबदल आणि विनिमयकातून किमान ७५ टक्के उष्णतेची परतफेड. सुमारे पंचवीस वर्षांनी केलेल्या तपासणीत क्रानिखश्टाइन येथील घरांचा हवाबंदपणा टिकून असल्याचे आढळले. पुढे ब्रिटनमध्ये २००६ पासून नव्या घरांची गळती-चाचणी नियमांत आली व अमेरिकेच्या २०१२ च्या आदर्श ऊर्जा-संहितेने बहुतेक हवामान-विभागांसाठी ताशी ३ ही मर्यादा घातली.

उष्ण प्रदेश : उष्ण व दमट हवामानात बाष्पाच्या प्रवाहाची दिशा उलट असते. कोकणासारख्या प्रदेशात वातानुकूलित खोलीच्या भिंतीत आतल्या बाजूस बाष्परोधक पटल घातल्यास बाहेरून येणाऱ्या बाष्पाचे त्याच्या मागे पाणी होते. त्यामुळे थंड देशांतील रचना जशीच्या तशी येथे चालत नाही. जेथे वातानुकूलन नाही, तेथे आरपार वाहणारा वारा हेच सुखकारक साधन ठरते. भारताच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ मध्ये म्हणूनच उघडणाऱ्या खिडक्यादारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाशी किमान किती असावे हे सांगितले आहे. उष्ण-दमट विभागात हे प्रमाण १६·६६ टक्के, तर थंड विभागात ८·३३ टक्के आहे. घर कोठे बंद करावे व कोठे उघडे ठेवावे, हे अशा रीतीने स्थानिक हवामानावरून ठरते. हवाबंद कवचाचे यश मात्र सर्वत्र सांध्यांवरील काळजीपूर्वक काम, कारागिरांचा परस्परमेळ व अखेरची चाचणी यांवर अवलंबून राहते.