हजारो फोटो क्लाउडवर ठेवताय? जागा किती मिळते यापेक्षा ते परत कसे मिळतील हे आधी बघा

भिवंडीत पावसाळ्यात कामवारी नदी फुगली की तीनबत्तीचं भाजी मार्केट, ईदगाह, म्हाडा कॉलनी या भागांत पाणी शिरल्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी तळमजल्यावर फोटो स्टुडिओ असेल, तर गल्ल्याच्या आधी हार्ड डिस्क माळ्यावर चढवाव्या लागतात. गिऱ्हाइकाचे पैसे परत करता येतात, पण त्याच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

समजा, अशा एका स्टुडिओकडे दहा वर्षांचे साखरपुडे, हळदी आणि लग्नं मिळून २ टीबी डेटा आहे. किंवा तुमच्या घरी आईबाबांच्या लग्नाचा स्कॅन केलेला अल्बम, मुलांचे वाढदिवस आणि चार जुन्या मोबाइलमधले फोटो मिळून ३०० जीबी झाले आहेत. दोघांनाही मित्र एकच सांगतात, "गूगल फोटोजवर टाक की!" सल्ला चूक नाही, फक्त अर्धवट आहे.

फुकटचा काळ कधीच संपला

गूगल फोटोजवर अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटोज असं सगळं बसवायचं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. ॲपलच्या आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच. फ्लिकर एकेकाळी १ टीबी फुकट देत होतं. २०१८ मध्ये त्यांनी फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा जाहीर केली आणि पुढच्या वर्षी वरचे फोटो काढून टाकायला सुरुवात केली.

त्यामुळे मोठा संग्रह असेल तर पैसे भरायची तयारी ठेवा. गूगल वन आणि आयक्लाउडचे २ टीबीचे प्लॅन आहेत आणि ते कुटुंबात वाटून घेता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा जणांना प्रत्येकी १ टीबी मिळतो. भाव बदलत असतात, म्हणून वर्षाचा दर बघा. तो महिन्याच्या दराच्या बारा पटीपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो.

डिलीट केलं की कुठून जातं?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. फोन भरला म्हणून गूगल फोटोज ॲपमधून फोटो साधा डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. आयक्लाउडवर ही मुदत साधारण ३० दिवसांची आहे. याला सिंक म्हणतात. फोनमधला आरसा आणि क्लाउडमधला आरसा एकच चित्र दाखवतात. बॅकअपचं तसं नसतं. इकडे चूक झाली, मुलाने फोल्डर उडवलं किंवा रॅन्समवेअर घुसला, तरी तिकडे जुनी प्रत शाबूत असायला हवी. (गूगल फोटोजमध्ये फोनची जागा मोकळी करायचा वेगळा पर्याय आहे. तो वापरा. त्याने क्लाउडवरची प्रत जात नाही.)

सेवा निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारा: डिलीट झालेली किंवा बदललेली फाइल किती दिवस परत मिळते? दुसरा प्रश्न, फोटो मूळ दर्जात राहतात का? गूगलच्या स्टोरेज सेव्हर पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. व्हॉट्सॲपवर फिरवलेला फोटो तर अगदीच पिळून निघालेला असतो. त्याला बॅकअप समजू नका.

चढवायला किती दिवस लागतील?

हा हिशोब जाहिरातीत नसतो. ३० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर २ टीबी अपलोड करायला, वेग एकदाही न घटता, सहा दिवसांहून थोडे जास्त लागतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर साडेअठरा दिवस. रोज २ जीबीच्या मोबाइल डेटावर हजार दिवस! 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या अनेक ब्रॉडबँड प्लॅनलाही महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि अपलोड त्यातच मोजलं जातं. केबलवाल्याला डाउनलोडचा नाही, अपलोडचा वेग विचारा.

स्टुडिओसाठी आणखी दोन वाटा आहेत. बॅकब्लेझसारखी सेवा एका संगणकाचा आणि त्याला जोडलेल्या डिस्कचा कितीही डेटा ठरलेल्या पैशात ठेवते. मात्र डिस्क कपाटात ठेवून विसरलात आणि ठरावीक मुदतीत जोडली नाहीत, तर तिचा बॅकअप काढला जातो. ही मुदत आधी वाचा. दुसरी वाट म्हणजे ॲमेझॉनचं एस३ ग्लेशियर डीप आर्काइव्ह. ठेवायला अतिशय स्वस्त, पण फाइल हवी झाली की १२ ते ४८ तास थांबा आणि बाहेर काढायचे पैसे वेगळे द्या. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नांसाठी ठीक, चालू सीझनसाठी नाही.

खातंच बंद झालं तर?

२०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक संगणक अभियंता गेला होता. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने लहानपणचे फोटो गूगल ड्राइव्हवर चढवले, त्यात आजी त्याला अंघोळ घालतानाचा फोटो होता. यंत्रणेने तो आक्षेपार्ह ठरवला आणि खातं बंद झालं, ईमेलसकट. बाळाच्या मालिशचे, न्हाऊ घालतानाचे फोटो आपल्याकडे कोणाच्या अल्बममध्ये नाहीत? असे फोटो क्लाउडवर चढवण्याऐवजी घरच्या डिस्कवर ठेवणं बरं.

कंपनीची इमारतही जळू शकते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर पेटलं आणि ज्यांच्या प्रती फक्त तिथेच होत्या, त्यांचा डेटा गेला. छायाचित्रकारांमध्ये म्हणूनच ३-२-१ चा नियम चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. क्लाउड ही त्यातली एक प्रत. दुसऱ्या डिस्कसाठी भिवंडीकरांनी कल्याणचा मावसभाऊ निवडू नये, २६ जुलै २००५ ला दोन्हीकडे पाणी होतं. नाशिकचा चालेल.

पैसे भरण्यापूर्वी एवढं करून बघा

एका लग्नाचं किंवा एका वर्षाचं फोल्डर चढवा आणि दुसऱ्याच संगणकावर पूर्ण उतरवून घ्या. गूगलमधून सगळं काढायला टेकआउट वापरावं लागतं. त्यात झिप फाइल्स येतात. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोला तुम्ही हाताने घातलेली १९८५ ची तारीख फोटोत नसते, सोबतच्या वेगळ्या जेसन फाइलमध्ये असते. म्हणून तारीख आणि नावं फाइलच्या नावातच लिहिलेली बरी.

मग पैशांची व्यवस्था. कार्ड बदललं किंवा ऑटोपे अडकलं की खातं मर्यादेबाहेर जातं. गूगलवर अशा वेळी नवे फोटो चढत नाहीत, जीमेलवर मेल येणं थांबतं आणि दोन वर्षं असंच राहिलं तर साठवलेलं काढून टाकलं जाऊ शकतं. दोन वर्षं अजिबात न उघडलेलं खातंही गूगल काढू शकतं. वडिलांच्या नावावर सगळे फोटो असतील, तर त्यांच्यासोबत बसून गूगलचं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर किंवा ॲपलचं लेगसी कॉन्टॅक्ट आजच भरून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.