कुशीची उशी

मराठीत उशीला शब्दांची वाण नाही. उशी, उसे, लोड, तक्क्या, गिरदी, मसनद. हे शब्द ओळीने मांडले की त्यांच्यातली एक जातवारी ध्यानात येते. 'उशी' हा शब्द संस्कृत 'उच्छीर्षक'पासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला. त्यात 'शीर्ष' आहे, म्हणजे डोके आहे. तक्क्या, गिरदी, मसनद हे फारसीच्या मार्फत आले. त्यांत डोके नाही, टेकलेली पाठ आहे. लोड हाही त्याच पंगतीतला, कारण तो बैठकीवर असतो, अंथरुणात नसतो. थोडक्यात, निजणाऱ्याला आपल्या भाषेने डोक्यापुरती उशी दिली आणि लांब उशी बसणाऱ्याला दिली. 'मसनद' म्हणजे सिंहासनही आणि 'गादी' म्हणजे साताऱ्याची वा कोल्हापूरचीही, हे पाहिले म्हणजे बसणारा कोण होता हे वेगळे सांगायला नको.

आज 'बॉडी पिलो' या नावाने जी वस्तू दुकानांत आणि घरपोच मिळते, ती या वाटणीत कुठे बसवायची हा प्रश्न आम्हांला पाचूबंदरला पडला. वसईच्या किल्ल्याला खेटून असलेली ही कोळ्यांची वस्ती. तिथल्या एका परिचित घरी पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी आली होती आणि तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी साडेचार फुटांची लांब उशी मागवली होती. तिच्या आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हा लोड कुणासाठी? कोण पावणा येणार हाय?" सगळे हसले. आम्हांला मात्र त्या प्रश्नात सामाजिक इतिहासाचा एक मोठा तुकडा दिसला. घरात लोड आला म्हणजे कुणीतरी मोठा माणूस येणार. गरोदर लेकीसाठी लोड येऊ शकतो, ही कल्पनाच आजीच्या अनुभवात नव्हती.

ही वाटणी फारसी शब्दांइतकीच जुनी आहे असे मात्र नाही. तिचा एक फार जुना पुरावा बौद्ध विनयपिटकात आहे, आणि तो वसईकरांना परका वाटू नये. पाचूबंदरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. तिथल्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडातून भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी सोपाऱ्याला सापडला, तर नवव्याचा 1956 मध्ये शेजारच्या भुईगावला. म्हणजे या किनाऱ्यावर भिक्षू राहत होते, आणि ज्या नियमांनी भिक्षू राहत त्यांत उशीचाही नियम होता. चुल्लवग्गात सांगितले आहे की, काही भिक्षू अर्ध्या देहाएवढ्या लांब उशा वापरू लागले. लोक नावे ठेवू लागले की, हे तर संसारी भोगी माणसांसारखे राहतात. तेव्हा बुद्धाने अर्ध्या देहाची उशी वर्ज्य केली आणि डोक्याच्या मापाची उशी तेवढी मान्य केली. भरण्यासाठी वृक्षाचा, वेलीचा किंवा गवताचा कापूस चालेल, असेही सांगितले.

हा नियम आम्हांला फार बोलका वाटतो. डोक्याला आधार ही गरज मानली गेली, अंगाला आधार हा भोग ठरला. उलट्या बाजूने वात्स्यायनाकडे पाहावे. त्याच्या नागरकाच्या शयनगृहातली शय्या मध्ये मऊ, खोलगट आहे आणि तिला दोन्ही बाजूंना उशा आहेत. म्हणजे जे भिक्षूला नाकारले तेच नागरकाचे लक्षण झाले. महाभारतातला भीष्म तर मऊ उशा परत पाठवतो आणि अर्जुनाच्या तीन बाणांवर डोके टेकतो. वीर, विरक्त आणि विलासी, तिघांच्याही उशीची नोंद आपल्या ग्रंथांनी ठेवली. पोटुशी बाईच्या उशीची अशी नोंद मात्र आमच्या पाहण्यात नाही.

सन 1534 ते 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या उशीचे नाव 'आल्मोफादा'. ते अरबीतून आलेले, आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशी आहे गाल. चावी, बादली, इस्त्री, साबण एवढे सगळे पोर्तुगीजांकडून घेणाऱ्या प्रमाण मराठीने हा गोड शब्द मात्र घेतला नाही. उशी आपल्याकडे होतीच, हे त्याचे साधे कारण असावे.

अंगाशी धरून निजण्याच्या उशीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती पूर्वेकडे. जावा बेटावर डच अमदानीत 'गुलिंग' नावाची लांब, गोल उशी घरोघर रुळली. इंग्रजांनी तिला 'डच वाइफ' असे कुचेष्टेचे नाव ठेवले, पण इंडोनेशियात ती आजही अंथरुणाचा नेहमीचा भाग आहे. चीनमध्ये सोंग काळापासून बांबूची पोकळ विणलेली नळकांडी उन्हाळ्यात कवेत घेऊन निजत. तिचे नाव 'बांबू-पत्नी'. (उशीला बायको म्हणण्याची पुरुषांची हौस सार्वत्रिक दिसते.) आपल्या देशात बंगालीने या वस्तूला दोन सुंदर नावे दिली आहेत, 'पाशबालिश' आणि 'कोलबालिश'. एक बाजूची उशी, दुसरी मांडीवरची, कवेतली. उकाडा आणि दमट हवा हे या सगळ्या प्रदेशांचे समान लक्षण. दोन घामेजल्या अवयवांच्या मध्ये कापूस आला की घाम टिपला जातो आणि वारा खेळतो. या न्यायाने वसईलाही पाशबालिश हवी होती.

पण पाचूबंदरची झोप कधी रात्रीच्या मालकीची नव्हतीच. डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाण आणि भांग पाहून होडी निघते, आणि घरची बाई मासळी घेऊन बाजाराला जायला पहाटेच उठते. अशा घरात निजण्याचे साहित्य म्हणजे चटई आणि गोधडी. गोधडीचे उपकार मोठे आहेत. तीच अंथरायची, तीच पांघरायची, आणि नववा महिना लागला की तिचीच वळकटी करून गुडघ्यांमध्ये धरायची. आजीनेही हेच केले होते, हे तिने नंतर सहज सांगितले. वस्तू होती, तिला नाव नव्हते, म्हणून ती ग्रंथात नाही आणि कोशातही नाही.

बाजारातल्या उशीत नवे काही नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत उताणे न निजता कुशीवर झोप लागू द्यावी, असे डॉक्टर आता आवर्जून सांगतात. उताणे निजल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, आणि अशा निजण्याचा गर्भाच्या मृत्यूच्या वाढलेल्या धोक्याशी संबंध आढळला आहे. लांब उशी इथे उपयोगी पडते. एक टोक गुडघ्यांमध्ये, मधला भाग पोटाखाली, वरचे टोक छातीशी. वरचा गुडघा खाली लोंबत नाही, म्हणून कंबरेला पीळ पडत नाही. कंबर धरलेल्या म्हाताऱ्यांनाही हीच मांडणी सुखाची.

निवडताना लांबी आपल्या खांद्यापासून घोट्यापर्यंत पोचेल इतकी असावी. इंग्रजी यू अक्षरासारखी उशी पाठीलाही टेकू देते, पण ती सारा पलंग व्यापते आणि वसईच्या दमट हवेत अंगाभोवती भट्टी पेटवते. स्पंजाची उशी तर त्याहून गरम. कापूस घाम टिपतो, मात्र तो जड असतो, ओल धरतो आणि गोळे होतात. पूर्वी पिंजारी पिंजण खांद्यावर टाकून, तात वाजवत दारी येई आणि गोळे मोडून देई. आता तो क्वचितच दिसतो. सावरीचा कापूस हलका आणि फुगीर, पण तो पाण्यात धुता येत नाही. कृत्रिम धाग्यांची भरण धुता येते, हा तिचा एकच गुण पावसाळ्यात शंभर गुणांना भारी पडतो. खोळ सुती आणि दोन असाव्यात, ऊन पडेल त्या दिवशी उशी बाहेर काढावी. बाळ झाल्यावर ती त्याच्या शेजारी मुळीच ठेवू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ उशीत श्वास कोंडण्याचा धोका असतो.

राहिला नावाचा प्रश्न. 'बॉडी पिलो'ला 'देहउशी' म्हणणे आमच्या कानांना प्रेतयात्रेची आठवण देते. मराठीत 'कूस' म्हणजे अंगाची बाजू आणि 'कूस' म्हणजेच गर्भाशय. कूस बदलते, कूस उजवते. संस्कृत 'कुक्षी'पासून आलेल्या या एका शब्दात बाईचे निजणे आणि तिचे गर्भारपण दोन्ही सामावले आहे. तेव्हा आम्ही तिला 'कुशीची उशी' म्हणू लागलो. पाचूबंदरच्या त्या घरात मात्र आजीचा शब्दच टिकला आहे. लेक निजायला गेली की धाकटी भावंडे हाक मारतात, "ताईचा लोड द्या."