देवळालीचा ताप

इंग्रजी आपण शिकलो ती व्याकरण आणि क्रमिक पुस्तके यांच्या आधारे. पण गोऱ्या शिपायाची इंग्रजी पुस्तकात मावणारी नव्हती. त्या रांगड्या बोलीत 'डुलॅली' हा एक शब्द आहे. अर्थ, डोके फिरलेला. आणि हा शब्द म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली!

मुदत संपलेल्या शिपायांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. विलायतेस जाणारी लष्करी जहाजे मात्र थंडीच्या हंगामातच सुटत. हंगाम चुकला की महिनोनमहिने मुक्काम. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, जवळ दारू, आणि मन घराकडे लागलेले. मग एखादा विचित्र वागू लागला की सोबती म्हणत, याला 'डुलॅली टॅप' झाला. 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळाला, गाव तेवढे उरले. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने 1936 साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात हा प्रकार लिहून ठेवला आहे. दोष गावाचा नव्हता. वाट पाहायला लावणाऱ्या व्यवस्थेचा होता. बदनामी मात्र गावाच्या वाट्यास आली.

नगरकरांना याहून जवळचे एक उदाहरण आहे. 8 ऑगस्ट 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेने तटाला शिड्या लावून नगर शहर घेतले; किल्ला 12 तारखेस पडला. इंग्रजी वृत्तांतांत या शहराला 'पेट्टा' म्हटले आहे. फौज म्हैसूरकडून आली होती. आपल्या 'पेठे'चे हे दाक्षिणात्य रूप तिच्याबरोबर आले.

अशा शब्दांचा मोठा कोश यूल आणि बर्नेल यांनी केला. तो 1886 साली प्रसिद्ध झाला. नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हे नाव मोहरमातील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे शिपायांनी केलेले रूप आहे. कोठल्याच्या सवाऱ्या पाहिलेल्या नगरकराला तो आक्रोश परका नाही. परक्या कानाला मात्र तो गमतीचे यमक वाटला.

परक्या शब्दांची मोडतोड आपणही केली. 'रिक्रूट'चा रंगरूट केलाच ना! तेव्हा राग धरण्याचे कारण नाही. परंतु एका शब्दामागे घरच्या ओढीने झुरणारा माणूस आहे, दुसऱ्यामागे शोक आहे. थट्टेचा शब्द पुढे चालत राहतो, दुःख मागे राहते. ते शोधून काढणे, हेही इतिहासाचेच काम आहे.