लदेणीपासून ट्रकपर्यंत

दरवर्षी आपली स्मरणिका निघते, तेव्हा तीत समाजातील विद्यार्थ्यांचे यश, नव्या वकिलांची व डॉक्टरांची नामावळी आणि दिवंगत ज्येष्ठांचे स्मरण येते. आणि ते यावयासच हवे. परंतु उमरीच्या आसपासच्या तांड्यांवरील कित्येक घरांच्या चुली ज्या व्यवसायावर पेटल्या, ज्या व्यवसायाच्या पैशावर त्यांतील काही विद्यार्थ्यांची फी भरली गेली, त्या ट्रकच्या धंद्याविषयी या पानांवर फारसे लिहिले गेलेले नाही. ट्रक चालविणे ही काय विद्या आहे, असा समज आपल्यातही रूढ झाला आहे. हा समज चुकीचा आहे असे आमचे मत असून, ही विद्या काळानुसार कशी पालटत गेली, तिच्यात काय वाढले आणि काय हरवले, याचा विचार आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ मोटारीपासून करणे आम्हांस योग्य वाटत नाही. मालाची ने-आण हा आपला कुलव्यवसाय होय. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ व साखर मुलखोमुलखी पोहोचविण्याच्या या व्यवसायास आपल्या बोलीत लदेणी म्हणत. इ. स. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्यास वाटेत बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्या एका तांड्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, असे त्याने लिहून ठेविले आहे. मोगलांच्या फौजांस रसद पुरविण्याचे काम आपले पूर्वज करीत आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीची भिस्तही याच तांड्यांवर होती.

एवढा मोठा कारभार केवळ बैल हाकण्याने चालत नसे. कोणत्या बैलास किती ओझे पेलेल, गोणीचा तोल दोन्ही अंगांस सारखा आहे की नाही, पुढल्या मुक्कामास चारा-पाणी मिळेल काय, कोणत्या महिन्यात कोणत्या नदीस उतार असतो, कोणत्या जहागिरीत किती कर मागतील, या साऱ्या गोष्टी नायकाच्या डोक्यात असत. त्यातही एक गोष्ट मुख्य होती. मंडीच्याच सांगण्याप्रमाणे तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. हे मंदपण आळसाचे नव्हते. बैलाच्या पाठीवर सुमारे सव्वा क्विंटल भार असे. त्यास रोज उतरवून चरावयास सोडले नाही तर पाठ सोलवटते, आणि पाठ गेलेला बैल पुन्हा लादता येत नाही. केव्हा चालावे हे कोणासही समजते. केव्हा थांबावे हे नायकास समजत असे. ओझे, वाट आणि विसावा या तिहींचा मेळ घालणे हेच लदेणीच्या विद्येचे सार होते.

या विद्येचा शेवट कसा झाला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते झाले, बैलगाड्या वाढल्या, आणि त्यांच्यामागून आगगाडी आली. आपल्या भागात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाली. उमरीचे स्टेशन याच मार्गावर आहे. जो माल पोहोचविण्यास तांड्यास महिना लागे, तो आगगाडी एक-दोन दिवसांत नेऊ लागली. तत्पूर्वीच, १८७१ साली, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता, आणि पुढे अनेक ठिकाणी फिरत्या तांड्यांवरही त्याची वक्रदृष्टी पडली. तांडे माळावर स्थिरावले, नायकाचे ज्ञान निरुपयोगी ठरले, आणि ते कोणी लिहून ठेविले नाही. दोन-तीन पिढ्यांत ते केवळ गाण्यांत उरले. एक विद्या नाहीशी होताना आपल्या हाती दुसरी विद्या नव्हती. त्याचे फळ म्हणून मजुरी आणि ऊसतोड आपल्या वाट्यास आली.

मोटारीने मात्र आपल्यास पुन्हा वाटेवर आणले. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्याच खात्याने २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकलेले फोर्ड व शेव्हरोले बनावटीचे ट्रक व्यापाऱ्यांनी घेतले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५४ पासून जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज गाड्या निघू लागल्या, आणि लेलँड गाड्याही त्याच दशकात आल्या. चार-पाच टनांचा असा एक ट्रक म्हणजे तांड्यातील पस्तीस-चाळीस बैल एका दमात. आपल्या मंडळींचा या धंद्यात प्रवेश झाला तो मात्र चालक म्हणून नव्हे. आधी हमाल, मग किन्नर, आणि मग चालक, अशी ती पायरी होती.

त्या काळच्या चालकास काय काय यावे लागे, हे आजच्या मुलांस खरे वाटणार नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांस पुढून हँडल मारावे लागे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, मुठीने वेढा घालावयाचा नाही, आणि हँडल खालून वर ओढावयाचे. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडे. गिअर बदलणे हीही एक कलाच होती. क्लच दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून इंजिनास अंदाजाने वेग द्यावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग खालचा गिअर बसवावा. यास डबल क्लच म्हणत. अंदाज चुकला तर दात्यांचा असा कर्कश आवाज होई की शेतातला माणूस मान वर करून पाही. डिझेलच्या गाडीत तेल संपून नळीत हवा शिरली, तर फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंपाने ती हवा काढल्याखेरीज गाडी चालू होत नसे. भर पावसात काळ्या मातीत चाक रुतले, तर चाकाखाली तुराट्या, दगड, जे मिळेल ते घालून गाडी बाहेर काढावी लागे. वाटेत कारागीर नसे; चालक हाच कारागीर असे.

आम्ही स्वतः १९६८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आमच्या काकांच्या हाताखाली किन्नर होतो. वर्षभर त्यांनी आम्हांस स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. ताडपत्री बांधणे, रस्सीची गाठ मारणे, पाटे तपासणे, टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखणे, एवढेच आमचे काम होते. रुईच्या गाठी घेऊन आम्ही मुंबईस निघालो आणि पहाटे बोरघाटाच्या माथ्यावर पोहोचलो. काकांनी गाडी थांबविली आणि चाकाखाली दगड लावण्यास सांगितले. आम्ही चारही ड्रमांस हात जवळ नेऊन उष्णता पाहिली. आम्हांस घाई होती. गाडी वेळेवर पोहोचली तर बक्षिसी मिळावयाची होती. काका म्हणाले, "पोरा, ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि ब्रेक तापला तर देवालासुद्धा गाडी थांबवता येत नाही. बस अर्धा तास." त्या वेळी हा त्यांचा हट्ट वाटला. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी मोकळी सोडणारे चालक त्या काळी पुष्कळ होते. त्यांपैकी काहींच्या गाड्या दरीत पाहिल्यावर आमची समजूत पालटली.

यंत्राखेरीज दुसरी विद्या होती ती माणसांची. संस्थानी काळात करोडगिरीचे नाके असत, पुढे नगरपालिकांचे जकात नाके आले. उमरीहून धर्माबादमार्गे निघालेला चालक काही तासांत तेलुगू मुलखात शिरे, देगलूरकडून गेला तर कन्नड भाग फार दूर नसे. आपल्या माणसास घरची गोरमाटी बोली, बाजारातील मराठी, नाक्यावरची दखनी आणि कामापुरती तेलुगू, अशा चार भाषा येत. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे बिल्टीवरील आकडे आणि गावाच्या पाटीचा आकार ओळखून मुंबई, हैदराबाद, नागपूर पालथे घालीत.

यानंतरची स्थित्यंतरे झपाट्याने झाली. हवेच्या दाबाचे ब्रेक आले, स्टेअरिंग हलके झाले, गिअरमधील डबल क्लचची गरज उरली नाही. खांद्यांचे बळ आणि कानांची पारख यांचे मोल कमी झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आलेल्या नियमांनी माल-वाहतुकीच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट घातली. ती २०१९ साली काढण्यात आली. पण गंमत अशी की, अट गेली तेव्हाच अक्षरज्ञानाची खरी गरज वाढली होती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरील करवसुलीचे नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले, २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावरील कारकुनाशी गोड बोलून वेळ वाचविण्याची जुनी विद्या गेली, आणि मोबाईलवरील कागद नीट वाचण्याची नवी विद्या आली. ई-वे बिलाची मुदत संपली तर दंड होतो, आणि तेथे गोड बोलणे चालत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रतीच्या गाड्या आल्या. त्यांत डिझेलखेरीज युरियाचे द्रावण वेगळे भरावे लागते. ते संपले किंवा निकृष्ट भरले गेले, तर गाडी आपणहून आपली ताकद कमी करते. बोल्ट सैल करून हवा काढणाऱ्या हातांस येथे काही करता येत नाही. फळीवर दिवा लागतो, आणि कारखान्याच्या माणसास फोन करावा लागतो. उलट, इंजिनाचे फेरे हिरव्या पट्ट्यात राखून इंधन वाचविणे, दिव्यांचा अर्थ ओळखणे, लांबलचक ट्रेलर वळणावर सांभाळणे, ही कौशल्ये नवी आहेत आणि ती कमी प्रतीची मुळीच नाहीत. आजचा मुलगा काकांच्या काळातील गाडी चालवू शकणार नाही हे खरे. परंतु काकांसही आजची गाडी सुरू करता आली नसती.

तेव्हा जुने तेवढे सोने, असे आमचे म्हणणे नाही. आमची चिंता निराळी आहे. जुन्या पद्धतीत किन्नर असे, म्हणजे गाडीतच शाळा असे. भाडे परवडत नाही म्हणून पुष्कळ मालकांनी किन्नर ठेवणे सोडले. आता मुलगा काही दिवसांत परवाना काढतो आणि एकटाच रात्री निघतो. गाडी कोठे आहे हे मालकास दूर बसून दिसते. ती थांबली की फोन येतो. ब्रेक गार करण्यासाठी अर्धा तास थांबविणारा माणूस शेजारी उरला नाही, आणि थांबण्याचा निर्णयही चालकाचा राहिला नाही. नायकाजवळ जी मुख्य विद्या होती, केव्हा थांबावे हे जाणण्याची, ती चालकाच्या हातून निसटली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भावकीतील एक तरुण पहाटे चारच्या सुमारास डुलकी लागून गेला. रस्ता सरळ होता, गाडी नवी होती, ब्रेक उत्तम होते. तो सलग दुसरी रात्र चालवीत होता आणि गाडीत एकटा होता. अंत्यविधीस जमलेल्या मंडळींत नशिबाच्या गोष्टी चालल्या होत्या. आम्हांस मात्र घाटमाथ्यावरील तो अर्धा तास आठवत होता.

कायदा याबाबतीत मुका नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला असून, दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा त्यात सांगितली होती. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलनाची सोय असावी, अशी अधिसूचना सरकारने २०२३ साली काढली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु आपल्या समाजात गाडीचे मालकही आहेत आणि चालकही आहेत, म्हणून काही कार्य आपल्याच हातचे आहे. आपल्या मालक बांधवांनी लांबच्या फेरीवर दुसरा माणूस द्यावा. आपल्या जुन्या चालकांनी एकेका नव्या मुलास निदान एक हंगाम जवळ बसवावे. या अनुभवी मंडळींचे बोल संस्थेने लिहून घ्यावेत. नायकांच्या वेळी ते राहून गेले, त्याचा तोटा आपण सोसलेला आहे.

आणि एक विनंती माता-भगिनींस आहे. मुलगा वाटेवर असला की आपण फोनवर विचारतो, "कधी पोचणार?" मालकही हेच विचारतो, व्यापारीही हेच विचारतो. घरून तरी दुसरा प्रश्न जावा: "झोपलास का?" बैलाची पाठ सोलवटू नये म्हणून सहा मैलांवर मुक्काम करणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. आपल्या मुलांविषयी तेवढी काळजी आपण घेऊ, असा आम्हांस विश्वास आहे.