जिंजीचा राजा, विशाळगडाचा कारभार

आजचा भाग हिवरे बाजारातून. हे गाव आपल्याला पाण्याच्या कामामुळे माहीत आहे, पण मला आज बोलायचंय ते जवळच्या भिंगारबद्दल. नगर शहराला लागून असलेल्या या भिंगारात १७०७ साली औरंगजेब वारला. पंचवीस वर्षं दख्खनेत घालवूनही मराठे संपले नाहीत. का नाही संपले? माझ्या मते याच्या उत्तराचा मोठा भाग तमिळनाडूतल्या जिंजीत आहे.

१६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडत होता. येसूबाई गडावर थांबल्या आणि राजाराम महाराज बाहेर पडले. पुढे रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून बिदनूरच्या राणी चन्नम्मांच्या मुलखातून जिंजीला पोचले. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच घेऊन ठेवला होता, हे विसरू नका.

आता प्रश्न असा, की राजा इतक्या लांब असताना सह्याद्रीतली लढाई चालायची कशी? तर अधिकार वाटून. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ किताब मिळाला. विशाळगडाकडून ते कारभार बघत आणि निर्णय घेत, दरवेळी जिंजीच्या उत्तराची वाट बघावी लागत नसे. शंकराजी नारायण त्यांच्या जोडीला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव दोन्ही मुलखांत फिरत. १६९२ च्या अखेरीस तर जिंजीला वेढा घालणारे मोगलच स्वतः वेढ्यात सापडले!

पण पैसा कुठून आणायचा? खजिना रिकामा. औरंगजेब मनसबी देऊन सरदार फोडत होता. मग जिंजीहून वतनांच्या, सरंजामांच्या सनदा निघू लागल्या. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना जे आश्वासन दिलं, त्यात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि थेट दिल्ली जिंकण्याची बक्षिसं आहेत. स्वतःची राजधानी हातात नाही आणि दिल्लीची भाषा! मला यात फुशारकी दिसत नाही. माणसं टिकवायला उद्याच्या राज्याशिवाय देण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

याची किंमत मोजावी लागली. शिवाजी महाराजांनी आवरून धरलेली वतनदारी पुन्हा फोफावली. सरदार स्वतंत्र बळाचे झाले. संताजींसारख्या सेनापतीशी राजाचं बिनसलं आणि १६९७ मध्ये ते मारले गेले.

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण त्याआधी राजाराम महाराज निसटले होते. साताऱ्याला राजधानी झाली. १७०० मध्ये ते सिंहगडावर वारले, तरी लढाई थांबली नाही, कारण ती एका माणसावर किंवा एका गडावर टेकलेली राहिलीच नव्हती. पुढची सात वर्षं ती ताराबाईंनी चालवली. त्यांच्याबद्दल पुढच्या भागात बोलू.