पंख: कामाचा आणि शोभेचा

गाडीच्या डिकीवर काळ्या, चौकड्यांच्या विणीचा पंख लावलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. रस्त्यावर नाही तर मोबाईलवर तरी. आज इथे कड्यात आपण त्याचाच इतिहास बघणार आहोत. प्रश्न एकच: ही वस्तू मुळात कशासाठी जन्माला आली?

सुरुवात कार्बन फायबरपासून नाही, वाऱ्यापासून होते. पंखामुळे विमान वर उचललं जातं. तोच पंख उलटा बसवला की गाडी खाली दाबली जाते आणि वळणावर टायरची पकड वाढते. टेक्सासच्या जिम हॉल यांनी 1966 मध्ये ‘चॅपरल 2ई’ या शर्यतीच्या गाडीवर उंच दांड्यांवर असा पंख उभा केला. दोनच वर्षांत फॉर्म्युला वनमध्येही पंख आले. मग 1969 ची स्पॅनिश ग्रां प्री. बार्सिलोनात लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. पुढच्याच मोनॅको शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पंख गाडीला जेवढा दाबतो, तेवढा भार त्याच्या दांड्यांना आणि नटबोल्टला सोसावा लागतो.

म्हणजे माल हवा होता हलका, पण ताठ. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात मजबूत कार्बन धागा बनवण्याची पद्धत तयार झाली. या धाग्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून, साच्यात बसवून भट्टीत पक्कं करतात. वजन पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. 1981 मध्ये मॅक्लारेनने जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यावरून गाडीचा मुख्य सांगाडाच या मालाचा केला. टक्कर झाली तर याचा भुगा होईल, अशी शंका होती. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसन यांची गाडी जोरात आदळली, मागचा भाग तुटून पडला, आणि वॉटसन चालत बाहेर आले.

या इतिहासात आपलं मुंबईही आहे. महिंद्रा समूहाने इटलीची पिनिनफरिना घेतली, आणि 2019 मध्ये जिनिव्हाला ‘बतिस्ता’ ही विजेवरची गाडी जगापुढे आली. तिचा सांगाडा कार्बनचा. मागचा पंख तर जोरात ब्रेक लावला की उभा राहून वारा अडवतो.

आता हिशेब करू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा, एखादा पंख ताशी 240 किलोमीटरला 160 किलोचा दाब देतो. तोच पंख ताशी 60 ला देतो फक्त 10 किलो. मागच्या सीटवर ठेवलेली ज्वारीची पिशवी तेवढं काम करते!

आपण पोळ्याला बैलावर झूल घालतो आणि रस्त्याच्या कामासाठी त्याच्या खुराला पत्री मारतो. झूल शोभेची, पत्री कामाची. हा पंख पत्री म्हणून जन्मला आणि बाजारात बहुतेक वेळा झूल म्हणून विकला जातो. कार्बनची नुसती वीण छापलेला स्टिकर लावलेले पंखही मिळतात. हौसेला आमची ना नाही. धोका आहे तो झुलीला पत्री समजून वळणावर वेग वाढवण्यात. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: कोणत्या वेगाला किती दाब मोजलाय? आणि तो भार माझ्या डिकीचा पत्रा पेलेल का? उत्तर मिळालं नाही, तर ती झूल आहे एवढं समजा, आणि गाडी बेतानं चालवा.